सुमार कुणाला म्हणता?

चामराजपेट, बंगळूर



या वेळी बर्फ नाही, बंकर नाही, रेशनचा हिशोब नाही. या वेळी गाणी आहेत आणि भांडण आहे. ज्यांना भांडण नको त्यांनी मागचा लेख पुन्हा वाचावा.

बंगळूरला बदली झाली, क्वार्टरच्या यादीत नाव बरंच खाली निघालं, म्हणून सध्या चामराजपेटेत भाड्यानं राहतो. वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरमधली चार पोरं आहेत. त्यातला एक सांगलीचा, एक नांदेडचा. शनिवारी रात्री गच्चीवर त्यांची बैठक बसते. मराठी कानावर पडतं म्हणून मीही खुर्ची घेऊन वर जातो. या शहराला रॉकचं वेड जुनं. पॅलेस ग्राउंड्सवर 2003 मध्ये रोलिंग स्टोन्स येऊन गेले, 2007 मध्ये आयर्न मेडन, 2011 मध्ये मेटॅलिका. त्यामुळे इथं नोकरीला आलेला पोरगा सहा महिन्यांत बँडांबद्दल अधिकारवाणीनं बोलायला लागतो. यांचा एक आवडता खेळ आहे. बँड सुमार, पण एक अल्बम जबरदस्त, अशी नावं काढायची. एकानं काढलं ते लिव्हरपूलच्या एका बँडचं, दुसऱ्यानं झोंबीज, तिसऱ्यानं सिल्क रूट. सांगलीकरानं शेवटी 'गारवा' टाकला, बँड नाही तरी चालतंय म्हणून. आणि नांदेडकर म्हणाला, "चुकून लागलं रे त्यांना. एकदा लागलं, परत नाही."

बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं. 'चुकून' नाही ऐकून घेतलं. आणि हे फक्त त्या पोरांचं नाही. आपल्यात हे सगळेच बोलतात, म्हणून इथं लिहितोय.

ज्यांनी रेंजवर घाम गाळलाय त्यांना समजवायला नको. नवा रंगरूट डोळे मिटून ट्रिगर ओढतो आणि एक गोळी बरोबर मध्यभागी जाते. होतं असं. उस्ताद शाबासकी देत नाही, हसतो. पण पाच गोळ्या एका वाटीएवढ्या जागेत बसल्या तर तोच उस्ताद हसायचं थांबतो. एक बुल नशिबानं लागतो, ग्रुपिंग नशिबानं लागत नाही. गाणं आणि अल्बम यात फरक आहे तो हाच. एखादं गाणं चुकून लागेल, मी मान्य करतो. एका गाण्याचे धनी आपल्याकडं पोत्यानं आहेत. पण आठ-दहा गाणी, चाळीस मिनिटं, कॅसेटच्या दोन्ही बाजू, आणि एकदाही फास्ट फॉरवर्डचं बटण दाबावंसं वाटत नाही, हे चुकून होत नाही. तिथं कुणीतरी श्वास कसा घ्यायचा, ट्रिगर कधी दाबायचा हे शिकून आलेलं असतं.

आता सिल्क रूट घ्या. 1998 साली 'बूँदें' आला. मोहित चौहान, अतुल मित्तल, केम त्रिवेदी, केनी पुरी, अशी चार माणसं. 'डूबा डूबा' सगळ्यांना आठवतं, तो पाण्याखालचा व्हिडिओही आठवतो. पण ती कॅसेट ज्यांनी बराकीत घासून घासून ऐकली त्यांना माहीत आहे की ते गाणं म्हणजे नुसता दरवाजा होता. आत गेलं की अख्खं घर. गिटार, बासरी, आणि डोंगराच्या उताराला बसून स्वतःशीच गुणगुणावं तसा आवाज. त्या काळात चॅनल व्ही आणि एमटीव्हीवर बाकीचे सगळे नाचत होते; हे चौघे बसून गात होते. रात्रपाळीच्या ड्यूटीवरून येऊन बूट काढताना लावायची कॅसेट होती ती. मोठ्यानं लावायची नाही, शेजारचा झोपलेला असायचा.

2000 साली त्यांचा दुसरा अल्बम आला, 'पहचान'. तो तसा चालला नाही. आणि तिथून हा शिक्का बसला: एका अल्बमचा बँड.

बरं, त्या दोन वर्षांत बाहेर काय चाललं होतं ते कुणी बघतं का? 1996 मध्ये लकी अलीचा 'सुनो' आला, त्याच वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे कलोनियल कझिन्स आले, 1998 ला युफोरियाचा 'धूम'. चित्रपटाच्या बाहेरचं गाणं विकलं जाऊ शकतं असं कंपन्यांना पाच-सहा वर्षं वाटलं. मग एमपीथ्रीच्या सीडी आल्या, फुटपाथवर, दीडशे गाणी एका तबकडीवर. कॅसेटचा धंदा बसला. टीव्हीच्या म्युझिक चॅनलवर सिनेमाच्या गाण्यांनी जागा अडवली, कारण तिथं प्रत्येक गाणं ही सिनेमाची जाहिरात, आणि जाहिरातीला पैसा असतो. ज्या पुलावरून ही मंडळी पलीकडं गेली होती तो पूल मागून उडवला गेला. मग परतीच्या वाटेवर ते दिसले नाहीत म्हणून आपण म्हणायचं की यांना चालता येत नव्हतं?

आणि पुढचं बघा. त्यातल्या मोहित चौहानचं 2007 मध्ये 'जब वी मेट'मधलं 'तुम से ही' आलं, 2011 मध्ये 'रॉकस्टार'. देशभर तो आवाज घुमला. मग 1998 ते 2000 मध्ये हा माणूस सुमार होता, 2007 मध्ये महान झाला, असं काही आहे का? माणूस तोच. सांगलीकर यावर म्हणाला, "काका, मग तो चांगला होता, बाकीचे सुमार." मी म्हटलं, बाळा, 'रॉकस्टार'ची गाणी मला आवडतात. पण 'बूँदें'मध्ये जे आहे ते त्यात नाही. ते त्याच्या एकट्याकडं नाहीच. ते त्या चौघांमध्ये होतं, आणि ते चौघे वेगळे झाल्यावर ते कुणाच्याच सामानात गेलं नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी पाहिलंय.

एका पोस्टवर, जागा सांगत नाही, डिसेंबर ते एप्रिल रस्ता बंद असायचा. आमच्या कंपनीत चार जणांचा ऑर्केस्ट्रा जमला. हार्मोनियमवर कंपनी क्लार्क, ढोलकवर कुक, गायला सिग्नलचा एक ऑपरेटर, आणि नर्सिंग असिस्टंट रिकामा जेरीकॅन वाजवायचा. जेरीकॅनला हसू नका. तळाशी थोडं पाणी ठेवून तो असा काही खर्ज काढायचा की विचारू नका. या चौघांपैकी एकही जण बाहेर तिकीट लावून कुणी ऐकला नसता. क्लार्कची बोटं जड होती. गाणारा वरच्या पट्टीत गेला की आवाज फाटायचा. पण चार महिने दुसरं काही नव्हतं. रोज संध्याकाळी लंगरात बुखारीभोवती तेच चौघे, तीच पंधरा-वीस गाणी. हळूहळू क्लार्कला कळलं की हा कुठं फाटतो, आणि त्याच्या अलीकडंच तो सूर खाली आणायला लागला. कुकला कळलं की क्लार्क कुठं अडखळतो, तिथं तो ढोलकची एक थाप जास्त टाकायला लागला. फेब्रुवारीत एका रात्री बडाखान्याला ते वाजले. कुणीतरी टू-इन-वनवर सी-90 टेप लावून ठेवली होती. एक बाजू, पंचेचाळीस मिनिटं. मी त्यानंतर बरेच मोठे गवय्ये ऐकले, समोर बसून ऐकले. त्या पंचेचाळीस मिनिटांसारखं मोजकंच ऐकलंय.

मे महिन्यात क्लार्कची बदली झाली. नवा क्लार्क आला, त्याचा हात याच्यापेक्षा कितीतरी तयार. विशारद झालेला. ऑर्केस्ट्रा पुन्हा बसला, आणि जमलं नाही. गाणाराही तोच, ढोलकही तोच, जेरीकॅनही तोच. दोन वर्षांनी तो जुना क्लार्क मला एका ट्रान्झिट कॅम्पात भेटला. तिथल्या मंडळींनी आग्रह केला म्हणून हार्मोनियम वाजवली. ऐकणारे म्हणाले, ठीक आहे. खरंच नुसतं ठीक होतं.

आता मला सांगा, सुमार कोण होतं? क्लार्क? की तो तयार हाताचा विशारद? यात सुमार कुणीच नव्हतं. चौघांचं मिळून एक पाचवं काहीतरी तयार झालं होतं, ते फेब्रुवारीत होतं आणि मे महिन्यात नव्हतं.

फौजेत माणूस मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे ए.सी.आर., वार्षिक गोपनीय अहवाल. वर्षभराचा हिशोब, एका माणसाचा, आकड्यात. आपल्यापैकी कितीतरी जणांची झोप या आकड्यानं घालवली आहे. तिथं 'ॲव्हरेज' हा शब्द म्हणजे शिवी. नुसतं ॲव्हरेज लिहिलं की पुढची पायरी विसरायची. सातत्य हवं, वर्षामागून वर्ष हवं, एखादं साल कोरं गेलं की संपलं. नोकरी चालवायला हे लागतं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण एक लक्षात घ्या, ए.सी.आर. एकट्याचा असतो. चौघांचा मिळून ए.सी.आर. लिहायची सोय कुठल्याही फॉर्मात नाही.

दुसरी पद्धत म्हणजे शौर्यपदकाचं सायटेशन. त्यात एक तारीख असते, एक जागा असते, आणि त्या काही तासांत काय घडलं ते असतं. बस. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव, निमजचे, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले. काम काय, तर कंपनी रनर. निरोप पोचवणारा माणूस. नदी ओलांडताना सोबतचे पडले. यांनी जखमींना एकेक करून गोळीबारातून पाण्यापलीकडं आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद पाडली, हाताला गोळी लागलेली असताना, आणि बंधाऱ्यावर उभं राहून पलटणीची आरोळी देत बाकीच्यांना पुढं बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस. त्यानंतर ते कितीतरी वर्षं जगले. कुणी कधी विचारलं का, की जाधवराव, 1946 मध्ये काय केलंत? 1947 मध्ये कुठली मशीनगन पाडलीत? विचारणाऱ्याच्या कानाखाली कुणीतरी दिली असती, आणि बरोबरच दिली असती.

माझं भांडण एवढंच आहे. ज्याचं सायटेशन लिहायला हवं, त्याचा तुम्ही ए.सी.आर. लिहिताय.

त्या झोंबीजचं बघा. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सची पोरं, शाळासोबती. 1964 मध्ये एक गाणं गाजलं, मग तीन वर्षं खाली खालीच. 1967 च्या उन्हाळ्यात हजार पौंडांच्या बजेटवर त्यांनी ॲबी रोड स्टुडिओत अल्बम केला, 'ओडेसी अँड ओरॅकल'. त्याच इमारतीत थोडंच आधी बीटल्सनी 'सार्जंट पेपर' केला होता, आणि त्यांचं मागं राहिलेलं एक वाद्य यांनी वापरलं. पैसे एवढे मोजके की स्टिरिओ मिक्ससाठी कंपनीनं हात वर केले आणि गाणी लिहिणाऱ्या दोघांनी पदरचे पैसे भरले. कव्हरवर 'ओडिसी' शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं, चित्रकार मित्राच्या हातून. तसंच छापलं गेलं, आजही तसंच आहे. अल्बम बाजारात आला एप्रिल 1968 मध्ये. तोवर बँड मोडून चार महिने झाले होते. 1969 मध्ये त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तुफान चाललं, आणि बँडच नाही. मग तिकडं काही भामट्यांनी खोटे झोंबीज उभे केले आणि दौरे काढले. त्या तोतयांपैकी दोघे जण पुढं झीझी टॉप या बँडमध्ये गेले आणि स्वतःच्या नावानं मोठे झाले. पानिपतानंतरच्या तोतया भाऊसाहेबाची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना नवल वाटणार नाही. मुळात मूठभर मोलाचं काहीतरी असल्याशिवाय तोतया उभा राहत नाही.

लिव्हरपूलच्या बँडचं नाव 'द लाज'. मराठी वाचकानं हसू नये, तिकडं ते 'लाझ'सारखं म्हणतात. 1990 चा एकच अल्बम, त्याच नावाचा. दोन-तीन वर्षं वेगवेगळ्या निर्मात्यांबरोबर तीच गाणी पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केली, शेवटी कंपनीनं कंटाळून जे हाती होतं ते बाजारात आणलं. मुख्य गायक ली मेव्हर्स म्हणाला, हा आमचा अल्बमच नाही, मनातलं काही यात उतरलेलं नाही. दुसरा अल्बम झालाच नाही. जग ज्याला उत्तम म्हणत होतं त्याला तो कच्चा मसुदा समजत होता. अशा माणसाला सुमार म्हणणं म्हणजे गंमतच. सुमार माणूस आपल्या कामावर खूश असतो.

एक गोष्ट मात्र ती पोरंही कबूल करतात. पहिल्या अल्बमला माणसाचं अख्खं आयुष्य मिळतं, दुसऱ्याला वर्ष-दीड वर्ष. पहिल्यात शाळेपासून साठवलेलं असतं. पाठ झालेली गाणी, दहा वेळा मोडून बांधलेली. कंपनीशी करार झाला की पुढचं पुढच्या दिवाळीला द्या म्हणतात. दिल्लीच्या इंडियन ओशनचं उदाहरण याच्या उलट्या बाजूचं आहे. बँड 1990 मध्ये बसला, पहिला अल्बम 1993 मध्ये, आणि ज्याच्यासाठी ते ओळखले जातात तो 'कंडिसा' 2000 मध्ये. दहा वर्षं लागली, आणि दहा वर्षं टिकायची त्यांची ऐपत, जिद्द आणि नशीब तिन्ही होतं. 1994 मध्ये बँड मोडला असता तर आज गच्चीवर त्यांचं नावही निघालं नसतं. मग सुमार आणि महान यांच्यात अंतर किती? काही वेळा सहा वर्षांच्या घरभाड्याएवढं.

आता आपलं घरचं. 'गारवा'.

नव्वदीच्या शेवटी मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांनी केलेली ती पावसाची कॅसेट. आधी सौमित्रच्या आवाजात कविता, मग गाणं. ही बांधणीच वेगळी होती. बोलणं कुठं संपलं आणि चाल कुठं सुरू झाली हे कळायच्या आत माणूस भिजलेला असायचा. सुटीवर निघालेल्या जवानानं ती कॅसेट किती एसटी स्टँडांवर ऐकली असेल याची गणती नाही. टपरी तिथं गारवा. आणि आज विचारा, तर चहाबरोबर एकच वाक्य: "छान होतं, पण त्यानंतर काय?" नंतर 'सांज गारवा' आला, तर म्हणे पहिल्याची सर नाही.

हे 'त्यानंतर काय' आपलं मराठी माणसाचं खास हत्यार आहे. पोरगा बोर्डात आला, छान, बारावीत काय करतोय? पलटणीत पदक मिळालं, छान, प्रमोशन कधी? दिलेली वस्तू हातात घेऊन बघायच्या आधी आपण देणाऱ्याच्या दुसऱ्या हाताकडं बघतो. मिलिंद इंगळेंनी 'ये है प्रेम'ही केलं होतं, ज्यातलं 'छुई मुई सी तुम' त्या वेळी टीव्हीवर दिवसाला दहा वेळा लागायचं. सौमित्र म्हणजे किशोर कदम. त्यांना 2010 मध्ये 'नटरंग'मध्ये पाहिलं असेल, 2013 मध्ये 'फँड्री'त जब्याचा बाप म्हणून पाहिलं असेल; ज्यानं तो बाप पाहिलाय त्यानं 'त्यानंतर काय' हा प्रश्न पुन्हा विचारू नये. पण समजा, यातलं काहीच नसतं. समजा, दोघांनी 'गारवा' करून दुकान टाकलं असतं. म्हणून ती कॅसेट एका सुरानं तरी खाली उतरली असती का?

पुस्तकांच्या बाबतीत आपण असे नाही, हे आणखी गंमतीचं. लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेतलं की 'स्मृतिचित्रे'. बाकी काय लिहिलं ते शंभरातल्या पंचाण्णव वाचकांना सांगता येणार नाही, आणि कुणी त्यांना विचारतही नाही. एका पुस्तकावर आपण त्यांना डोक्यावर घेतलं, योग्यच केलं. मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनीच काय घोडं मारलंय?

आता माझ्यावर उलटू शकेल असा मुद्दा, तो मीच मांडतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कर्नलसाहेब मांडणारच. आठवणीनं सगळं गोड होतं. विशीत, पहिल्या पोस्टिंगवर ऐकलेली कुठलीही कॅसेट महान वाटते. खरं आहे. म्हणून मी एक परीक्षा ठेवलीय: आज, पोरांच्या त्या छोट्या स्पीकरवर, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये फोन न बघता. माझ्या आवडीच्या दोन-तीन कॅसेट या परीक्षेत सपशेल पडल्या. एका गाण्याभोवती सात गाण्यांचा भुसा भरलेला होता. नावं सांगत नाही, त्यांचे चाहते या पानावर आहेत आणि त्यांच्याकडं बंदुकीचं लायसन्स आहे. 'बूँदें' आणि 'गारवा' पास झाले. नांदेडकरानंही ऐकले, शेवटपर्यंत बसून.

आणि आता या पेठेबद्दल, कारण इथं राहिलो नसतो तर हे सगळं इतकं स्पष्ट दिसलं नसतं. चामराजपेट 1892 ची वसाहत. सरळ रेषेत आखलेले मेन आणि क्रॉस, छावणीतून आलेल्या माणसाला बरं वाटेल अशी. इथल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर दर वर्षी रामनवमीला मांडव पडतो आणि महिनाभर कचेऱ्या होतात. श्री रामसेवा मंडळी 1939 पासून हे करते आहे. मी कर्नाटक संगीतातला अडाणी. पण संध्याकाळी दुसरं काम नव्हतं, आणि रामनवमीला पानक आणि कोसंबरी मिळते, म्हणून जायला लागलो.

तिथली एक गोष्ट बघा. मुख्य गायक एक. त्याच्या एका बाजूला व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला मृदंग, कधी घटम, कधी खंजिरा. पुष्कळदा या मंडळींनी एकत्र बसून तालीम केलेली नसते. त्या संध्याकाळपुरतं जमलेलं पथक. आज जमले, उद्या चौघे चार गावांना. कधी रंगते, कधी नुसती पार पडते. माझे घरमालक, सत्तरी ओलांडलेले, लहानपणापासून त्या मांडवात बसत आलेले. त्यांच्या बोलण्यात मी कधी 'अमुक विद्वान मोठा, तमुक सुमार' ऐकलं नाही. ते म्हणतात, अमक्या सालची ती तोडी. कोण गायला होता, व्हायोलिनवर कोण होता, तनी आवर्तनात मृदंगवाल्यानं काय केलं, पाऊस आला होता की नाही, सगळं सांगतात. मी एकदा विचारलं, तो व्हायोलिनवाला पुढं नावारूपाला आला का? त्यांना प्रश्न कळलाच नाही. पुन्हा विचारला. तेव्हा म्हणाले, माहीत नाही, पण त्या दिवशी तो होता ना.

यांच्या कपाटात कॅसेटही आहेत. 1978 ची 'नित्योत्सव' आहे, निसार अहमद यांच्या कविता, म्हैसूर अनंतस्वामींचं संगीत, कन्नड भावगीतांची पहिली कॅसेट म्हणून इथले लोक जिचं नाव घेतात ती. घरमालकांनी ती मला दोन्ही हातांनी दिली. ऐकून दोन्ही हातांनी परत केली. शब्द कळले नाहीत, बाकी कळलं.

शेवटी एक कामाची गोष्ट. फेब्रुवारीतल्या त्या रात्रीची टेप माझ्याकडं होती. मागच्या महिन्यात काढली तर रीळ चिकटलेली, वर पांढरी बुरशी. इथं एस.पी. रोडवर इलेक्ट्रॉनिक्सची गल्लीच्या गल्ली आहे. चार दुकानं फिरून एक म्हातारा कारागीर सापडला. त्यानं कवचाचे स्क्रू काढले, रीळ नव्या कवचात घातली आणि पंचेचाळीसपैकी एकतीस मिनिटं वाचवली. पेन ड्राइव्हवर आहेत. तुमच्याकडं युनिटच्या ऑर्केस्ट्राची, कीर्तनाची, बडाखान्याची कुठलीही टेप असेल तर प्लेअरमध्ये घालून बघू नका, ताणली की तुटते. आधी सुक्या जागी ठेवा, मग जाणत्या माणसाकडं न्या. कव्हरवर साल लिहा, कोण काय वाजवत होतं ते लिहा. जेरीकॅन असेल तर जेरीकॅन लिहा. पोस्टचं नाव लिहू नका.